मऊ तळाचा बूट : सुख किती, आयुष्य किती ?

घरांत येणाऱ्या वस्तु पारखून घ्याव्या व आपला अनुभव वाचकांपुढें ठेवावा, हा या पानाचा परिपाठ आहे. यावेळीं पारखीला घेतलेली वस्तु उंबऱ्याच्या आंत येत नाहीं, बाहेरच राहते. तरी घरांतील माणसांच्या सुखदुःखाशीं तिचा संबंध थोडा नाहीं. ही वस्तु म्हणजे जाड व मऊ तळाचा, धांवण्याचा बूट. आयुष्यभर शब्दरूपावली शिकविलेल्या पंतोजीनें बुटांच्या बाजारांत कशाला शिरावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्याच एका चुकींत आहे. म्हणून ती चूक आधीं सांगतों.

आमच्या धाकट्या बंधूंची नात पोलीस भरतीची तयारी करीत आहे. भंडाऱ्यांत पहांटे पांचाच्या सुमारास बाहेर पडलें कीं अशीं कितीतरी मुलें दृष्टीस पडतात. कोणी खांब तलावाच्या बाजूनें, कोणी वैनगंगेच्या पुलाकडील रस्त्यानें, कोणी क्रीडांगणावर धांवत असतात. तुमसर, साकोली, पवनी, कोठेंही जा, हेंच दृश्य. भरतीच्या मैदानी चाचणीचे गुण ५०; त्यांपैकीं २० गुण एकट्या लांब धांवेचे. ही धांव मुलग्यांना १६०० मीटरांची व मुलींना ८०० मीटरांची असते. थोड्याशा सेकंदांनीं वर्षाची मेहनत फळते किंवा फुकट जाते. तेव्हां हीं मुलें आपल्या पायांना किती जपत असतील, असें आपणांस वाटेल. प्रत्यक्षांत पुष्कळांच्या पायांत बाजारांत मिळेल तो स्वस्त बूट असतो.

गेल्या फेब्रुवारींत नातीनें बिचकत बिचकत नव्या बुटांचा विषय काढला. किंमत ऐकून ओसरीवरील मंडळी स्तब्ध झाली. आम्हीं मात्र तोंड उघडलें. "आम्ही शाळेंत असतांना अनवाणी धांवत होतों. पायांत कांटा मोडला तर बाभळीच्याच कांट्यानें तो काढीत होतों. पळतात ते पाय, बूट नव्हे!" असें एक लहानसें व्याख्यान झालें. ती हंसली, "बरं, आजोबा," म्हणाली, आणि विषय तेथेंच संपला.

मे महिन्यांत एके सकाळीं ती माडीवरून कठडा धरून एकेक पायरी उतरत आहे, असें तिच्या आजीच्या लक्षांत आलें. खोदून विचारतां कळलें कीं दोन्ही नडग्यांच्या आंतल्या अंगास तीन आठवडे ठणका लागला होता. "सांगितलंस कां नाहीं ?" असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर अनवाणी धांवत होतां. मग बूट असून पाय दुखतात, हें कोणत्या तोंडानं सांगूं ?" यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

डॉक्टरांनीं नडगी तपासली, हाडाला बारीक तडा गेलेला नाहीं याची खात्री करून घेतली, व तीन आठवडे धांवणें बंद ठेवण्यास सांगितलें. त्यांच्या मतें कारणें तीन होतीं. दीड महिन्यांत रोजचें अंतर ३ किलोमीटरांवरून ७ वर नेलें, हें पहिलें. सिमेंटच्या रस्त्यावर धांवणें, हें दुसरें. आणि तळ झिजून एका बाजूस कललेला बूट, हें तिसरें. "बूट अवश्य बदला; पण बूट बदलला म्हणजे पहिलीं दोन कारणें माफ झालीं असें समजूं नका," हें त्यांचें बोलणें आम्हीं वहींत उतरून ठेवलें. तेव्हांच ठरविलें कीं आतां बूट घ्यावयाचा, आणि तो नुसता घ्यावयाचा नाहीं, तर त्याची कसून परीक्षा करावयाची.

प्रथम आमच्या त्या व्याख्यानाची परीक्षा करूं. अनवाणी धांवणारांची थोरवी खोटी नाहीं. १९१९ सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी वर्गांतील गडी अनवाणी धांवतांना सर दोराबजी टाटा यांनीं पाहिले, व हिंदुस्थानचे खेळाडू ऑलिंपिकला धाडण्याच्या त्यांच्या खटपटीस तेथून जोर आला. पुढच्याच वर्षीं, १९२० सालीं, बेळगांवचे फडेप्पा चौगुले अँटवर्प येथील मॅरेथॉन शर्यतींत १९ वे आले. इथिओपियाचा अबेबे बिकिला याने १९६० सालीं रोम येथें अनवाणी धांवून मॅरेथॉन जिंकली. या गोष्टी आम्ही वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असूं. परंतु त्याच बिकिलानें १९६४ सालीं टोकियोची मॅरेथॉन बूट घालून जिंकली, आणि रोमपेक्षां तीन मिनिटांहून अधिक लवकर पुरी केली, हा उत्तरार्ध सांगावयाचा मात्र राहून जात असे.

दुसरें असें कीं आमच्या लहानपणीं पायांखालीं माती होती, मुरूम होता, धानाच्या बांध्यांचे धुरे होते. आणि आमचे पाय जन्मापासून त्या जमिनीवर अनवाणीच वाढले होते. नातीच्या पायांखालीं सिमेंट आहे. धांवतांना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार पायावर येतो, आणि मिनिटाला दीडशेंहून अधिक पावलें पडतात. मऊ माती त्या भाराचा कांहीं वाटा स्वतःवर घेते. सिमेंट तो घेत नाहीं. तेव्हां जमीन बदलली आणि उपदेश मात्र जुनाच राहिला, हा दोष आमचा.

आतां या मऊ तळाविषयीं. चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधून काढली, तेव्हांपासून चांगला रबरी तळ शक्य झाला. हल्लींच्या बुटांत पाय व रबर यांच्यामध्यें फेसाचा एक थर असतो. पुष्कळ बुटांत तो इथिलीन-व्हायनिल-अॅसिटेट या पदार्थाचा असतो; त्याला थोडक्यांत ईव्हीए म्हणतात. अनरशाला जशी जाळी सुटते तशी याला आंतून जाळी असते. फरक एवढाच कीं हिच्यांत वायूचे सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात. भार पडला कीं ते दबतात, भार उठला कीं पुन्हां फुगतात. परंतु हजारों वेळां दबल्यावर त्यांचें फुगणें कमी कमी होत जातें. याच गोष्टींत या बुटाचें सुख आहे, आणि याच गोष्टींत त्याचें मरण आहे.

२००९ सालीं निकोला मेर्मू व झाँ-ल्यूक दियार या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं डोंगर वेगानें उतरतांना पायांस सोसावें म्हणून फारच जाड तळाचा बूट काढला. 'होका' तो हाच. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या क्रिस्टोफर मॅक्डूगल यांच्या 'बॉर्न टु रन' या पुस्तकामुळें परदेशांत अनवाणी धांवण्याची लाट उसळली होती. म्हणजे एक पक्ष बूटच नको म्हणत होता व दुसरा तळ दुप्पट करीत होता ! पुढें दुसऱ्या पक्षाची सरशी झाली व बहुतेक कंपन्यांनीं जाड तळ उचलला. अखेर जागतिक अॅथलेटिक्स संघटनेस मर्यादा घालावी लागली. रस्त्यावरील शर्यतींत तळ ४० मिलिमीटरांहून जाड असूं नये, आणि नोव्हेंबर २०२४ पासून धांवपट्टीवरील शर्यतींत तो २० मिलिमीटरांहून जाड असूं नये, असा तिचा नियम आहे.

पण मऊ तळ पायाला खरोखर वांचवितो काय ? येथें शास्त्रज्ञांचीं दोन कामें वाचकांस सांगण्याजोगीं आहेत. फिनलंडमधील संशोधकांनीं २०१८ सालीं १२ पुरुषांना साधे व अतिजाड तळाचे असे दोन्ही बूट घालून पळविलें. अपेक्षेच्या उलट असें दिसलें कीं जाड तळाच्या बुटांत पाऊल टेकतांनाचा आघात अधिकच होता. कारण खालीं मऊ लागलें कीं पाय आपोआप ताठ होतो. या उलट, लक्झेंबर्ग येथें ८४८ हौशी धांवणारांवर सहा महिने प्रयोग झाला व तो २०२० सालीं प्रसिद्ध झाला. दिसण्यांत सारखे, पण एक कठीण व एक मऊ, असे बूट त्यांना दिले होते. कठीण बूट घालणारांत दुखापतीचें प्रमाण सुमारें दीडपट आढळलें; आणि मऊ बुटाचा फायदा अंगानें हलक्या असलेल्यांना झाला, जड असलेल्यांत तसा दिसला नाहीं. पहिल्या प्रयोगांत आघात मोजला होता, दुसऱ्यांत दुखापती मोजल्या होत्या. म्हणून ते एकमेकांना खोटे पाडीत नाहींत. आमची नात अंगानें शिडशिडीत. तेव्हां मऊ तळाचा बूट एकदां घेऊन पाहावा, असें ठरलें.

जूनमध्यें नागपुरास जाऊन एका परदेशी कंपनीचा जोड घेतला. सूट वजा जातां ९,६०० रुपये पडले. आम्ही पितळेच्या गांवचे लोक. भांड्याच्या झिलईला भुलत नाहीं, तें वाजवून पाहतों व काट्यावर चढवितों. बूट तोलण्यासाठीं स्वयंपाकघरांतील काटा मागितला, तेव्हां घरांत जें रामायण झालें तें येथें सांगत नाहीं. शेवटीं बाजारांतील एका भांडेवाल्याच्या काट्यावर वजन केलें. नव्या बुटाचें वजन २३५ ग्रॅम, जुन्याचें २९०. दिसावयास दुप्पट जाड व तोलावयास हलका ! कारण त्यांत बराचसा वायूच आहे. टांचेपाशीं तळाची कड पट्टीनें ४६ मिलिमीटर भरली; खोक्यावर मात्र ३८ लिहिलेलें. नीट पाहतां कळलें कीं परातीच्या कांठांप्रमाणें तळाच्या कडा वर उचललेल्या असतात व पाऊल त्यांच्या आंत बसतें. म्हणून बाहेरून दिसणारी जाडी ही पावलाखालची खरी जाडी नव्हे.

त्या दिवसापासून भिंतीवरील दिनदर्शिकेंत रोजचें अंतर मांडण्यास सुरवात केली. आठवड्याचे पांच दिवस, रोज सुमारें ५ किलोमीटर, असा क्रम ठेवला. पहिल्या १०० किलोमीटरांत सुखाविषयीं तक्रारीला जागाच नव्हती. "गादीवर धांवल्यासारखं वाटतं," असें ती म्हणाली. नडगी दुखली नाहीं. परंतु एक दोष पहिल्याच आठवड्यांत दिसला. नदीकडील मुरमाच्या वाटेवर तळ खड्याप्रमाणें कलतो व घोटा डुगडुगतो. एकदां पाय मुरगळतां मुरगळतां वांचला. उंच पाटावर उभें राहिलें म्हणजे तोल सांभाळणें जसें कठीण, तसेंच हें. सपाट रस्त्याचा हा बूट उंचसखल वाटेचा नव्हे.

श्रावणांत दुसरी परीक्षा झाली. वरचें जाळीदार कापड पाणी पितें व सुकावयास दीड दिवस घेतें. आंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, दोन तासांनीं ते बदलून, सावलींत वाऱ्यावर ठेवल्यास एका रात्रींत काम भागतें. शेगडीजवळ किंवा भर उन्हांत बूट कधींही सुकवूं नये. उष्णतेनें फेस आकसतो व डिंक सुटतो.

२५० किलोमीटर झाल्यावर फेसाच्या कडेवर आडव्या सुरकुत्या दिसूं लागल्या. तळाला उलटून पाहिलें तर वजन कमी राखण्यासाठीं रबराचे तुकडे फक्त टांचेस व चवड्यास लावलेले. मधला फेस उघडा. तो सिमेंटवर खरवडला गेला होता. ४०० किलोमीटरांस टांचेमागचें अस्तर विरलें. त्याच सुमारास दोन्ही बूट मेजावर ठेवून मागून पाहिले, तों उजवा आंतल्या बाजूस किंचित् कललेला दिसला. ५०० नंतर ती स्वतःच म्हणाली, "आतां हा इतर बुटांसारखाच वाटतो." अंगठ्यानें तळ दाबून पाहिला, पूर्वीं बोट रुतत असे, तें आतां रुतेना. डिसेंबरांत ६०० किलोमीटर भरले व आम्हीं त्या बुटास धांवण्यांतून सेवानिवृत्त केलें. आतां तो भाजी आणावयास जातो. अशा बुटांचें आयुष्य साधारणपणें ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. त्या मानानें त्यानें आपलें काम बजावलें.

यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं निवृत्त केला त्या दिवशींही त्याचें वरचें कापड व रंग जवळजवळ नवे होते. कोणीही म्हणालें असतें, "अहो, एवढा चांगला बूट टाकतां काय ?" चामड्याचा जोडा आधीं वरून फाटतो, मग आपण तो टाकतों, हा बूट आधीं आंतून म्हातारा होतो आणि बाहेरून तरुण दिसतो. घरांतील काटकसरी माणसें बूट वरून पाहतात, आणि पाय मात्र आंतला तळ सोसत असतात. नातीच्या जुन्या बुटाच्या बाबतींत आमच्याकडून हेंच झालें होतें.

आतां हिशेब. ९,६०० रुपयांचा बूट ६०० किलोमीटर चालला. म्हणजे किलोमीटरला १६ रुपये पडले. पूर्वींचा १,२०० रुपयांचा बूट सुमारें ३०० किलोमीटरांत कलला. त्याचे किलोमीटरला ४ रुपये. नुसत्या पैशाकडे पाहिलें तर स्वस्त बूट चौपट परवडतो. परंतु त्या हिशेबांत डॉक्टरांची फी, तीन आठवडे बुडालेला सराव व मुकाट्यानें सोसलेला ठणका हीं धरलेलीं नाहींत. उलटपक्षीं, मागचा ठणका गेला तो सारा महाग बुटानें गेला, असेंही आम्ही म्हणणार नाहीं. विश्रांति झाली, अंतर हळूहळू वाढविलें, आठवड्यांतले दोन दिवस सिमेंट सोडून मैदानावरील मातींत धांवली. या तिहींचा वाटा बुटापेक्षां कमी नाहीं. म्हणून जानेवारींत दुसरा जोड घेतांना आम्हीं मधला मार्ग धरला. ४,८०० रुपयांचा, मध्यम जाडीचा, खालीं सलग रबर असलेला बूट घेतला. तोही ६०० किलोमीटर टिकला तर किलोमीटरला ८ रुपये पडतील. आजपर्यंत १५० झाले आहेत व पाय कुरकुरलेले नाहींत.

आमचा निकाल असा. सुखाच्या बाबतींत अतिमऊ बूट पहिल्या वर्गांत उत्तीर्ण, टिकाऊपणांत दुसऱ्या, किंमतींत जेमतेम. कठीण रस्त्यावर रोज लांब अंतर धांवणारानें तो घ्यावा. ८०० मीटरांच्या वेगाच्या सरावास तो उपयोगाचा नाहीं. मऊ तळ जमिनीवर पाय रोवूं देत नाहीं, म्हणून त्या दिवशीं नात पातळ तळाचा बूट घालते. आमच्या वयाच्या मंडळींस नुसत्या मऊपणावर भुलून तो घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाहीं. उंच व डुगडुगत्या तळावर ठेंच लागण्याची भीति असते. चालण्यासाठीं घेणें झालेंच तर रुंद तळाचा घ्यावा व आधीं घराच्या अंगणांत चालून पाहावा.

घेतांना एवढें पाहावें. बूट संध्याकाळीं घ्यावा. दिवसभराच्या चालण्यानें पाऊल किंचित् फुगलेलें असतें. सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडावी. दुकानांत बसून नव्हे, उभें राहून, चार पावलें धांवून पाहावें. पहिल्या क्षणीं जो टोंचतो तो पुढें सरावानें बरा होईल, अशा आशेवर राहूं नये. सपाट जागीं ठेवून मागून पाहावा, कललेला नसावा. घेतल्याची तारीख बुटाच्या जिभेच्या आंतल्या बाजूस शाईनें लिहून ठेवावी. आणि मुलाचा बूट किती झिजला, हें त्याच्या रंगावरून न ठरवितां मुलालाच विचारावें.

या शेवटच्या सूचनेचें मोल आम्हांस उशिरा कळलें. महाभारताच्या अनुशासनपर्वांत छत्री व वहाणा यांच्या जन्माची कथा आहे. जमदग्नि बाण सोडीत व रेणुका धांवत जाऊन ते आणून देई. ज्येष्ठाचें ऊन चढलें, तिचे पाय पोळले, मस्तक तापलें. ती क्षणभर झाडाच्या सावलींत थांबली व तिला उशीर झाला. ऋषि रागावले. तिनें खरें कारण सांगितलें, तेव्हां त्यांचा राग तिच्यावरून सूर्याकडे वळला, आणि सूर्यानें त्यांना छत्री व वहाणा दिल्या. ही कथा आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल, त्याची गणती नाहीं; आणि दर वेळीं सूर्याच्या देणगीपाशीं ती संपविली. वहाणा मिळाल्या त्या रेणुकेनें पाय पोळल्याचें सांगितलें म्हणून, व तें कोणी ऐकून घेतलें म्हणून, हें मात्र आमच्या ध्यानांत आलें नाहीं. आमच्या घरांत तसें सांगण्याची वाट आम्हींच एका व्याख्यानानें बंद करून ठेवली होती.

मैदानी चाचणी अद्याप व्हावयाची आहे. ती कशी होईल, हें नातीच्या श्रमावर व त्या दिवसावर अवलंबून. सकाळीं ती परत आली म्हणजे आम्ही ओसरीवर घड्याळ घेऊन बसलेले असतों. पण किती वेळ लागला, हें आतां नंतर विचारतों. पाय कसे आहेत, हें आधीं.